८८ किलोचा पैलवान आणि सोळाशे मीटर: अग्निवीर तयारीची एक पूर्ण केस

केस कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका पोराची आहे. वय १९ पूर्ण, उंची १७२ सेंमी, वजन ८८ किलो ४०० ग्रॅम, बारावी पास, घरची ऊसशेती, आणि आठवीपासून तालमीत. नाव लिहीत नाही, ग्राउंडवर सगळे त्याला पैलवान म्हणायचे तेच इथं चालू ठेवतो. मी फौजेतनं रिटायर होऊन गावात आलो (हवालदार म्हणून आलो, पण आमच्याकडं फौजेतनं आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही) आणि सकाळी भरतीच्या पोरांना ग्राउंडवर घेतो. येणारी पोरं बहुतेक बारीक, छाती फुगत नाही, वजन भरत नाही अशी. जास्त वजनाचं आणि वर ताकदवान पोरगं ही केस वेगळी पडते म्हणून सविस्तर लिहितोय, कारण तालमीतनं फौजेकडं वळणारी पोरं आपल्याकडं दरवर्षी असतात आणि त्यांना मिळणारा सल्ला एकच असतो, जेवण बंद कर अन् पळ.

तर आधी पैलवान जाड कसा झाला ते. कुस्ती करताना तो ७४ च्या आसपास असायचा. अकरावीत खांदा दुखावला, मग बारावीची परीक्षा, त्यात तालीम सुटली पण खुराक सुटला नाही. हे आपल्याकडं घरोघरी होतं. पोराची मेहनत बंद झाली हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हैस दूध देतीय तोवर ग्लास भरून समोर येतोच. रोजचं दोन लिटर म्हशीचं दूध, सकाळी बदाम-खसखशीची थंडाई, अंडी, आठवड्यातनं दोनदा मटण, भाकरीवर तूप, हे सगळं दोन हजार बैठका आणि दोन तास लढत करणाऱ्या अंगाला लागतं. नुसत्या दुधाचा हिशोब केला तरी म्हशीच्या एका लिटरात हजाराच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे पोरगं जेवायला बसायच्या आधीच दोन हजार पोटात. दीड वर्षात १४ किलो चढलं यात नवल काहीच नाही.

फौजेचं वेड मामाकडनं आलं. मामाचं गाव शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी, तिथं घरातनं माणूस फौजेत असणं नवीन नाही. वडलांचं मत मात्र वेगळं होतं, ते म्हणाले, "मेजर, चार वर्षांचीच नोकरी, त्यातले पंचवीस टक्केच ठेवून घेणार, आन् त्यासाठी ह्यो एवढा जिवाचा आटापिटा करणार व्हय?" प्रश्न चुकीचा नव्हता. पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजारातले २१ हजार हातात, चार वर्षांनी एकरकमी सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख, बाकी पुढचं पुढं. मी कुणाला पटवायला जात नाही, पोराचं ठरलं होतं, विषय संपला.

आता भरतीचा हिशोब, कारण तो नीट समजल्याशिवाय ही केस समजणार नाही. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा म्हणजे सीईई, ती निघाली की मग रॅली, म्हणजे ग्राउंडची चाचणी. रॅलीत सोळाशे मीटर धावणं, ५ मिनिट ३० सेकंदात आला तर ६० मार्क, ५:४५ पर्यंत ४८. २०२५ पासून पुढं अजून दोन गट केले, ६:०० पर्यंत ३६ आणि ६:१५ पर्यंत २४. बीमवर १० पुलअप काढले की ४० मार्क, ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१, ६ ला १६, सहाच्या खाली आउट. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसते पास व्हायचे. हे सगळं झाल्यावर मग उंची, छाती, वजन. हा क्रम लक्षात ठेवा, पुढं त्याच्यावर बरंच काही आहे.

वजनाबद्दल अग्निवीरच्या जाहिरातीत एवढंच असतं की उंची आणि वयाच्या प्रमाणात पाहिजे. एनडीएच्या (फौजेचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) जाहिरातीसोबत मात्र अख्खा तक्ता छापतात आणि मी पोरांना तोच धरायला लावतो. त्या तक्त्यातले आकडे काढून बघितले तर १७ ते २० वयाला बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २२ पर्यंत आणि विशी ओलांडल्यावर तिशीपर्यंत २३ असा हिशोब निघतो, खालची मर्यादा १७. १७२ उंचीला म्हणजे विशीच्या आत ६५ किलो, विशीनंतर ६८. पैलवान पुढच्या पावसाळ्यात २० पूर्ण करणार होता आणि रॅली त्यानंतर येणार हे दिसत होतं, म्हणून टार्गेट ६८ च्या आत. ८८ वरनं ६८. हा आकडा ऐकल्यावर पोरगं हसलंच. "मेजर, ६८ ला मी नववीत लढायचो."

पैलवानाकडं पळवाट तयार होती. तक्त्याखालीच एक सवलत असते, कुस्ती, बॉक्सिंग, बॉडीबिल्डिंग करणाऱ्या, अंगानं मांसल असलेल्या उमेदवाराचं वजन तक्त्यापेक्षा जास्त असलं तरी अपवाद म्हणून चालू शकतं, पुरावा मात्र लागतो. हे त्याला तालमीतल्या कुणीतरी सांगितलेलं, आणि म्हणून ७६-७७ पर्यंत उतरलं की बास असं त्याच्या डोक्यात बसलेलं. पण त्या सवलतीच्या पुढं अटी आहेत. कमरेचा घेर आणि नितंबाचा घेर यांचं गुणोत्तर पुरुषांना ०.९ च्या आत पाहिजे, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल पाहिजेत. मी टेप काढला. कंबर ९८, नितंब १०३, गुणोत्तर ०.९५. टेपनं सांगितलं की वाढलेलं वजन दंडात नाही, पोटात आहे. पैलवानाचा चेहरा उतरला पण त्यानंतर त्यानं सवलतीचं नाव काढलं नाही, आणि मला वाटतं वजनाच्या काट्यापेक्षा त्या टेपनंच त्याला तयार केला.

दिवाळीनंतर ग्राउंडवर पहिली टेस्ट घेतली. सोळाशे ८ मिनिट ४० सेकंद, तिसऱ्या राउंडला चालला. पुलअप दोन, आणि दुसरा पण अर्धवटच. याच पोराला जोर मारायला लावले तर शंभर झाल्यावर पण बोलत होता. ट्रॅक्टर ऊस ओढतो म्हणून त्याला हायवेवर पळवायला नेऊन चालत नाही, तसं होतं ते. कुस्तीतली दमदारी वेगळी, झोंबायचं, सुटायचं, परत झोंबायचं. सोळाशेमध्ये साडेपाच मिनिटं सुटका नसते. ४०० च्या एका राउंडला साधारण ८२ सेकंद, असे चार, आणि तिसऱ्या राउंडला जे फाटायचं ते फाटतं.

इथं माझा आणि बाकी बऱ्याच जणांचा मतभेद आहे तो सांगतो. धावून वजन कमी करायचं ही कल्पना एवढ्या वजनाच्या पोराला घातक आहे. पळताना प्रत्येक पावलाला पायावर अंगाच्या दोन-तीनपट भार येतो. ८८ किलोचा पोरगा डांबरीवर रोज पाच किलोमीटर पळायला लागला की पहिल्यांदा नळी म्हणजे नडगी दुखते, मग तो दुखण्यावर पळतो, आणि मग हाडाला बारीक तडा जातो. आधी ताटातनं वजन काढायचं, पायाला चालायची सवय लावायची, आणि ८० च्या खाली आल्यावर धावणं शिकवायचं. धावणं शिकवावंच लागतं, ते काय आपोआप येत नाही. म्हणजे पहिले तीन महिने आमच्याकडं स्टॉपवॉच नव्हतंच, असा प्लॅन.

ताटाचं काम सगळ्यात अवघड निघालं, कारण ते पोराच्या हातात नसतंच, ते आईच्या आणि आजीच्या हातात असतं. मी घरी गेलो. आजीचं म्हणणं, "लेकरू वाळलं तर फौजवाले घेतील व्हय त्याला?" तिच्या डोक्यात फौजी म्हणजे धिप्पाड. तिला डाएट, कॅलरी काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की दूध अर्धा लिटर, साय काढून, थंडाई फक्त रविवारी, आणि भाकरी मोजून. सकाळी चार अंडी (पिवळं दोनाचंच), दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर नव्हे, ताटाचा मोठा भाग उसळीचा, मटकी, हरभरा, चवळी काही पण, मुळा-काकडी-कांदा लागेल तेवढा, ताक. रात्री एक भाकरी, भाजी, आणि चिकन किंवा परत अंडी. भात दुपारी मूठभर. रोजच्या गरजेपेक्षा पाचशे कॅलरी कमी पडल्या की आठवड्याला अर्धा किलो उतरतं, त्यापेक्षा घाई केली की चरबीसोबत मांस पण जातं, आणि मांस गेलं की बीमवर कोण चढणार. प्रोटीन म्हणूनच कमी केलं नाही, उलट तेवढं एकच धरून ठेवलं, रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास.

जड गेलं ते बाहेरचं खाणं. दिवाळीनंतर आमच्याकडं गुऱ्हाळं पेटतात, गरम काकवी, ताजा गूळ, शेंगदाणे, आणि पोरगं ऊस तोडणीला रानात, तिथं रस म्हणजे पाण्यासारखा. शेंगदाण्याची चटणी आणि वर तेल, त्याला कुणी खाणं समजतच नाही. मिसळीचा रविवार वेगळा. मी सगळं बंद नाही केलं, कारण वर्षभर बंद कुणाच्यानं राहत नाही, रविवारी सकाळी एक मिसळ, पण दोन पावावर, आणि कट वाटीभरच. त्यावरनं तो माझ्याशी जेवढा भांडला तेवढा वडलांशी पण भांडला नसेल.

पहिल्या पंधरा दिवसात दोन किलो गेलं, ते पाणी असतं, त्यात खूश व्हायचं कारण नसतं. डिसेंबर संपता ८४, जानेवारी संपता ८१.५. चालणं रोज सकाळी तास-दीड तास, नंतर रानातनं चढाचं, सोबत जोर-बैठका कमी पण चालू, आणि संध्याकाळी विहिरीत पोहणं.

फेब्रुवारीत काटा अडकला. तीन आठवडे ८१ च्या खाली यायलाच तयार नाही. हे प्रत्येकाचं होतं, वजन कमी झाल्यावर अंगाची गरज पण कमी होते, ताट परत थोडं कापावं लागतं किंवा हालचाल वाढवावी लागते. पण पैलवानाला धीर नव्हता आणि त्याच्याकडं तालमीची विद्या होती. कुस्तीगिराला वजन तोडणं नवीन नसतं, काट्याच्या आधी दोन दिवस पाणी बंद, अंगावर प्लॅस्टिकचा सूट, उन्हात घाम, थुंकत बसायचं. त्यानं मला न सांगता तेच केलं. चार दिवसात चार किलो उतरवून ग्राउंडवर आला, एकदम फुशारकीत, "७७ मेजर." ओठ फुटलेले, डोळे आत. मी म्हटलं चल, टेस्ट देऊया. दुसऱ्या राउंडला पोटरीत गोळा आला, बसला खाली. दोन दिवसात पाणी पिऊन परत ८१.

या ठिकाणी जरा थांबून लिहितो कारण तालमीतल्या प्रत्येक पोराला हा मोह होतो. ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला विनेश फोगाटचं १०० ग्रॅमसाठी काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, रात्रभर घाम गाळून सुद्धा ५० च्या गटातनं बाहेर. पैलवान पण तेच उदाहरण द्यायचा, बघा एवढं मोठे खेळाडू करतात. पण कुस्तीत काटा आधी असतो आणि लढत नंतर, मधल्या वेळात पाणी-मीठ भरून काढता येतं. भरतीत उलटं आहे, आधी सोळाशे, मग बीम, मग काटा. पाणी तोडून काट्यावर किलो वाचवायला गेलास तर धावण्यात गट जाणार, म्हणजे बारा मार्क, नाहीतर सरळ आउट. आणि जीवाचं म्हणाल तर १९९७ ला अमेरिकेत महिन्याभराच्या आसपास तीन कॉलेज कुस्तीगीर असंच रबरी सूट घालून घाम काढताना मेले, तरणीताठी पोरं. लघवीच्या गोळ्या घेणारे पण असतात, त्यानं अंगातलं पोटॅशियम जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पोलीस भरतीच्या ग्राउंडजवळ इंजेक्शनच्या सिरिंजा सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. माझ्या ग्राउंडवर असलं काही दिसलं तर पोराला त्याच दिवशी घरी पाठवतो, यात चर्चा नाही.

मार्चमध्ये ७९ झालं आणि धावणं सुरू केलं. आठवड्यातनं तीन दिवस, मातीवर, बोलत बोलत पळता येईल एवढ्याच वेगात. पैलवान टाचेवर पळायचा, हात बाजूला पसरून, जसं मातीत उतरलाय तसं. हात कोपरात वाकवून पुढंमागं, पाऊल छोटं, खांदे सैल, एवढ्यावरच महिना गेला. आणि तरी नळी दुखलीच, कारण बाकीच्या पोरांची टाइमिंग बघून त्याला राहवेना, संध्याकाळी गुपचूप डांबरीवर पळायला लागला, ते पण तळ गेलेल्या बुटावर. बोटानं नडगीच्या आतल्या बाजूला दाबलं की लांब पट्टाभर दुखायचं, एका ठिकाणी टोचल्यासारखं नव्हतं, त्यामुळं तडा नसावा असा अंदाज, तरी हाडाच्या डॉक्टरांना दाखवून घेतलं. तीन आठवडे धावणं बंद. सायकल आणि विहीर. या तीन आठवड्यात दम कमी झाला नाही हे त्याला स्वतःला नंतर कळलं, परत ग्राउंडवर आला तेव्हा टाइमिंग उलट सुधारली होती कारण वजन अजून दोन किलो खाली आलेलं.

मे-जूनमध्ये लेखीचा अभ्यास. सीईईला जनरल ड्युटीला (साध्या शिपायाच्या पदाला) ५० प्रश्न, एक तास, १०० मार्क, चुकीला अर्धा मार्क कापतात, आणि मराठीतनं देता येते. बरीच ग्राउंडची पोरं इथं मागं पडतात. पैलवान गणितात कच्चा, जीकेत बरा. यात जास्त लिहीत नाही, गावातल्या एका मॅडमनी त्याचं गणित करून घेतलं, पास झाला, मार्क ठीकठाक.

त्याच वर्षी ६:१५ पर्यंतची सवलत आली आणि ग्राउंडवरची निम्मी पोरं ढिली पडली. पैलवान तेव्हा ६:२० ला यायचा, त्याला वाटलं आता पाच सेकंदाचंच काम उरलं. मी कागदावर लिहून दिलं: चौथ्या गटाचे २४ आणि बीमचे ४० मिळून ६४, दुसऱ्या गटात आलास तर ८८. शेवटची मेरिट लेखी आणि ग्राउंड दोन्ही धरून लागते, आणि तुझी लेखी ठीकठाक आहे. कागद खिशात ठेवून गेला.

पावसाळ्यात ७३ वरनं ७० वर आला तेव्हा वेगाचं काम घेतलं. मंगळवारी ४०० चे सहा, प्रत्येक ८४ सेकंदात, मध्ये दोन मिनिट चालायचं, शुक्रवारी ८०० चे तीन, रविवारी आठ किलोमीटर सावकाश, बाकी दिवस हलकं. ग्राउंडवर चिखल असला की कॉलेजच्या ट्रॅकवर जायचो. टाइमिंग ६:२० वरनं ६:०२, मग ५:५०, आणि तिथं अडकलं. शेवटचे सेकंद जड असतात. त्यात त्याची सवय अशी की शिट्टी वाजली की सगळ्यांच्या पुढं सुसाट, पहिला राउंड ७४ ला आणि तिसरा ९५ ला. पहिला राउंड जाणूनबुजून ८३ ला पळायचा, बाकीचे पुढं गेले तरी जाऊ द्यायचे, हे त्याला जमायला गणपती उजाडले. कुस्तीगिराला कुणी पुढं गेलेलं बघवत नाही.

बीमचं मात्र मजेशीर झालं. त्यासाठी वेगळं फार काही केलंच नाही. पंज्याची पकड आणि पाठ तालमीची होतीच, वरचं ओझं उतरत गेलं तसे पुलअप वाढत गेले, ८० ला चार, ७५ ला सात, ७० ला दहा. फक्त झोका घ्यायची सवय मोडावी लागली, हात पूर्ण सरळ, हनुवटी बारच्या वर, नाहीतर मोजणारा मोजत नाही. खांद्यासाठी रबर बँडचा व्यायाम रोज चालू ठेवला.

मेडिकलची तयारी लोक शेवटच्या आठवड्यात करतात, आम्ही उन्हाळ्यापासून केली. तालमीतल्या पोरांच्या तीन गोष्टी बघाव्याच लागतात. एक कातडी, मातीत आणि मॅटवर अंगाला अंग लागून नायटा-गजकर्ण होतो, आणि मेडिकलवाल्याकडनं मिळणारं स्टेरॉइडवालं मिक्स क्रीम लावून पोरं तो दाबतात, मग तो चौपट होऊन येतो. याच्या जांघेत होता, कातडीच्या डॉक्टरांकडं दीड-दोन महिने औषध घेऊन घालवला. दुसरं कान. पैलवानाचा डावा कान मोडलेला, फुलकोबी झालेला. नियमात असं आहे की कानाच्या पाळीचं व्यंग एवढं नसावं की हेल्मेट, युनिफॉर्म घालायला अडचण येईल किंवा फौजी रुबाबाला बाधा येईल. त्याचा वरचा कडाच जाड झालेला, बाकी ठीक होतं, पण रात्र रात्र झोपला नाही त्या काळजीनं. मी त्याला बापाचं बाइकचं हेल्मेट घालून दाखवायला लावलं, आरामात बसलं. कानातला मळ मात्र डॉक्टरांकडनं काढून घेतला, कारण नुसत्या मळावर टेम्पररी अनफिट होऊन रिव्ह्यूला, म्हणजे परत तपासणीला, जाणारी पोरं मी बघितलीत. तिसरा तो खांदा, निखळण्याचा इतिहास असता तर तिथंच संपलं असतं, याला लिगामेंटचा ताण होता, एक्सरे स्वच्छ.

रॅलीच्या आधीच्या आठवड्यात वजन ६७.६, कंबर ८१, नितंब ९५. शेवटचे दोन दिवस मी त्याला जास्त खायला लावलं, भात, केळी, भाकरी, पाणी भरपूर, आणि तो घाबरला की काट्यावर जाईल. गेलं पण, अर्धा किलोच्या आत. सकाळी धावायला उतरताना पोटात काहीतरी असणं जास्त गरजेचं.

ग्राउंडवर मोठी बॅच, सुरुवातीला कोपर, ढकलाढकली, एक पोरगं पहिल्या वळणावरच पडलं. पैलवान सांगितल्याप्रमाणे मागं राहिला, तिसऱ्या राउंडला एकेकाला काढत आला. पहिल्या गटाची वेळ संपल्यावर धरतात ती दोरी त्याच्या पुढं आडवी आली, दुसऱ्या गटात बसला, बाहेरनं घड्याळ लावलेल्या त्याच्या चुलत भावाच्या मोबाईलवर ५:४१. खड्डा, झिगझॅग झालं. बीमवर दहा काढले, दहाव्याला पाय थरथरत होते म्हणे. काट्यावर ६७.८. मेडिकलला कानाकडं डॉक्टरांनी बघितलं, बोटानं दाबलं, काही बोलले नाहीत. दातांच्या एका प्रश्नावर रिव्ह्यूला मिलिटरी हॉस्पिटलला पाठवलं, तिथं फिट. म्हणजे वर्षभर कानाची काळजी आणि अडला दातावर, जो आम्ही कुणी तपासलाच नव्हता. पुढच्या पोरांना मी आता उन्हाळ्यातच दाताच्या डॉक्टरकडं पाठवतो.

शेवटच्या यादीत नाव आलं. ग्राउंडचे ८८ नसते तर आलं नसतं, हे त्याच्या लेखीच्या मार्कांकडं बघून सरळ दिसतं. जॉइन होईपर्यंतच्या मधल्या काळात पाहुणेरावळे, सत्कार, मटणाच्या पंगती यात अडीच किलो चढलं, ट्रेनिंग सेंटरला परत तपासणी असते म्हणून दोन आठवडे पुन्हा ताट मोजावं लागलं.

वस्ताद अजून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं ७४ चा चांगला गडी होता, ६८ ला आणून मांस घालवलं. त्यात थोडं तथ्य आहे, २० किलोतलं सगळंच चरबी नव्हती, दंडाचा घेर कमी झालाच. तरी त्यांनीच परवा तालमीतली दोन पोरं माझ्याकडं पाठवली. दोघांना आधी टेप लावला. एकाचं गुणोत्तर ०.९६, त्याचं काय करायचं ते वर लिहिलंच आहे. दुसरा ८१ किलोचा, गुणोत्तर ०.८४, पोट नावाला नाही, जिल्हा पातळीची सर्टिफिकेटं आहेत, आणि आत्ताच सोळाशे ६:३० ला येतो. त्याचं वजन उतरवायचं का रक्ताचे रिपोर्ट आणि कुस्तीचे कागद जमवून सवलत मागायची, यावर मी आणि वस्ताद अजून भांडतोय.